कॉम्प्युटर व्हिजन : बारामती-इंदापूरच्या उद्योगांसाठी

कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रातून वस्तू ओळखणे, मोजणे किंवा तिच्यातला दोष हेरणे हे संगणकाला शिकवण्याच्या तंत्राला कॉम्प्युटर व्हिजन म्हणतात. संगणकाच्या लेखी छायाचित्र म्हणजे आकड्यांचा मोठा तक्ता असतो. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला, म्हणजे पिक्सेलला, लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाचे ० ते २५५ यांमधले तीन आकडे असतात. फळ तडकले आहे की नाही, हे या आकड्यांच्या मांडणीवरूनच ठरवावे लागते. पूर्वी त्यासाठीचे नियम अभियंते हाताने लिहीत: लाल रंग इतका, गोलाई इतकी. २०१२ साली इमेजनेट या चित्रओळखीच्या स्पर्धेत ॲलेक्सनेट या न्यूरल नेटवर्कने मोठ्या फरकाने बाजी मारली. त्यानंतर हजारो नमुने दाखवून संगणकालाच फरक शिकू देण्याची पद्धत रूढ झाली. आज धंद्यांत विकली जाणारी बहुतेक यंत्रणा याच पद्धतीची आहे आणि तिचे गुणदोष प्रामुख्याने तिला दाखवलेल्या नमुन्यांतून येतात.

सांगवी हे बारामती तालुक्यातले नीरेकाठचे, उसाचे गाव. त्याच्या भोवती माळेगाव, सोमेश्वरनगर आणि इंदापूर तालुक्यातील भवानीनगर येथील सहकारी साखर कारखान्यांचा टापू पसरला आहे. इंदापूरकडे डाळिंब, द्राक्ष आणि पेरूच्या बागा आहेत, दोन्ही तालुक्यांत दुधाचा धंदा घरोघर आहे, आणि बारामती एमआयडीसीत वाहने, फोर्जिंग, दुग्धपदार्थ, चॉकलेट व तयार कपड्यांचे उत्पादन होते. शेतातल्या उपग्रहचित्रापासून पट्ट्यावरच्या तपासणीपर्यंत या तंत्राचे जवळपास सगळे प्रकार उपयोगी पडावेत असे धंदे एवढ्या लहान टापूत आहेत. प्रत्येक ठिकाणी कॅमेरा काय पाहू शकतो आणि काय नाही, हे खरेदीआधी कळणे गरजेचे आहे.

उसाच्या शेतावरची नजर

बारामतीचे या विषयातले सर्वांत गाजलेले काम उसावरचे आहे. आप्पासाहेब पवार यांनी १९७१ साली स्थापन केलेल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने कृषी विज्ञान केंद्राच्या प्रक्षेत्रावर कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेली ऊसशेती उभी केली. २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी तिचा जाहीर उल्लेख केल्यावर ती जगभर पोहोचली. या पद्धतीत जमिनीतील ओलावा व इतर घटक मोजणारे सेन्सर, शेतातले हवामान केंद्र आणि उपग्रह व ड्रोनची चित्रे यांची माहिती एकत्र केली जाते, आणि पाणी, खत व फवारणीचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर मराठीत येतो. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. चित्र हा या यंत्रणेचा एकच भाग आहे. उसाचा पट्टा कोठे पिवळा पडला हे चित्र सांगते. तो पाण्याअभावी पडला की नत्राअभावी, हे जमिनीतला सेन्सर, माती परीक्षण आणि शेतात जाऊन पाहणारा माणूस सांगतो. निव्वळ उपग्रहचित्रांवर संपूर्ण पीकसल्ला देऊ करणाऱ्या विक्रेत्याला हा प्रश्न आधी विचारावा.

उपग्रहचित्र किती बारीक असते, हे गुंठ्यांच्या हिशेबाने सहज कळते. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे कोणालाही विनामूल्य मिळतात आणि तोच भूभाग साधारण ५ दिवसांनी पुन्हा टिपला जातो. या चित्रांतला लाल आणि अवरक्त प्रकाशाचा एक पिक्सेल जमिनीवर १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटरचा असतो. एक गुंठा १०१ चौरस मीटरचा. म्हणजे एक पिक्सेल जवळपास एक गुंठा आणि एक एकर म्हणजे सुमारे ४० पिक्सेल. आता २० गुंठ्यांचा चौरस तुकडा घ्यावा. त्याची एक बाजू ४५ मीटरची, म्हणजे साडेचार पिक्सेलची. बांध, रस्ता किंवा शेजारच्या पिकाची भेसळ नसलेले पिक्सेल त्यात ९ ते १६ इतकेच बसतात. एवढ्या पिक्सेलांवरून शेताचा सरासरी कल कळतो, चार सरींतला फरक कळत नाही. वाटण्या होऊन अरुंद पट्ट्या झालेल्या शेतांत तर एखादाही स्वच्छ पिक्सेल मिळणे अवघड होते. अशा ठिकाणी ड्रोनचे चित्र किंवा सरळ बांधावरून फेरी, हेच उपाय उरतात.

या चित्रांवरून काढला जाणारा सर्वांत प्रचलित निर्देशांक म्हणजे एनडीव्हीआय. हिरवे पान लाल प्रकाश शोषून घेते आणि अवरक्त प्रकाश परतवते. या दोहोंतल्या फरकावरून पिकाचा हिरवेपणा आकड्यात मांडला जातो. लागणीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, नांग्या कोठे पडल्या आहेत हे पाहायला तो उपयोगी आहे. पण ऊस दाटला आणि सरी झाकल्या गेल्या की हा आकडा वरच्या टोकाला जाऊन थांबतो. मग चांगला ऊस आणि फार चांगला ऊस यांतला फरक त्यात दिसेनासा होतो. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लागतो. त्याची उगवण आणि फुटवे पाहण्याचे दिवस नेमके ढगांचे असतात, आणि ढगांखालचे काही प्रकाशचित्रात येत नाही. रडारने टिपणारे उपग्रह ढगांतूनही पाहतात, पण त्यांच्या चित्राचा अर्थ लावायला अधिक तयारी लागते. पावसाळ्यातले अहवाल कोणत्या उपग्रहावरून येणार, हे करारात लिहून घ्यावे.

कारखान्यांच्या शेती विभागासाठी मात्र हेच चित्र मोठ्या कामाचे आहे. कोणत्या गटात प्रत्यक्ष किती क्षेत्रावर ऊस उभा आहे, नोंद एकाची आणि लागण दुसरीकडे असे कोठे झाले आहे, खोडवा किती आणि लागण किती, हे हजारो एकरांवर एकदम तपासता येते. तोडणीचा कार्यक्रम लागणीच्या तारखेवरून लावला जातो. त्याला चित्रांवरून काढलेला पक्वतेचा अंदाज आणि शेतातले ब्रिक्सचे माप यांची जोड दिली, तर अधिक उतारा देणारे फड आधी तोडता येतात. ऊस तोडल्यावर गाळपाला जितका उशीर होईल तितके वजन आणि साखर दोन्ही घटतात, म्हणून तोडणी आणि वाहतुकीचे नियोजन अचूक होणे हे शेतकरी आणि कारखाना दोघांच्याही पैशाचे काम आहे. मात्र पक्वतेचा नकाशा आणि नोंदीची तारीख यांत विरोध दिसला, तर कोणाचा ऊस आधी तुटणार हा प्रश्न गावात तापतो. त्यासाठीचा नियम हंगामाआधी सभासदांसमोर ठेवलेला असावा. संगणकाने सांगितले एवढे कारण पुरेसे धरले जाऊ नये.

वजनकाटा आणि वाहनांची नोंद

काट्यावर येणाऱ्या वाहनाचा क्रमांक कॅमेऱ्याने वाचून तो वजनाच्या पावतीला जोडणे, हा तुलनेने सोपा आणि पक्का उपयोग आहे. एकाच वाहनाची नोंद दोनदा होणे, भरलेल्या गाडीच्या वजनाला दुसऱ्याच गाडीचे रिकामे वजन लागणे, असे घोळ त्याने आटोक्यात येतात. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली आणि तिची अक्षरे ठरावीक आकाराची असल्याने ती वाचायला सोपी जाते. खरी अडचण ट्रॅक्टरच्या मागच्या ट्रॉल्यांची आणि बैलगाड्यांची. ट्रॉलीवरचा क्रमांक चिखलाने माखलेला, रंगाने हाताने लिहिलेला किंवा लोंबणाऱ्या वाढ्यांनी झाकलेला असतो. बैलगाडीला तर प्लेटच नसते. म्हणून अशा वाहनांना कारखान्याने स्वतःचा टोकन क्रमांक किंवा आरएफआयडी कार्ड द्यावे आणि कॅमेऱ्याचा फोटो पुरावा म्हणून पावतीसोबत ठेवावा. रात्रीच्या पाळीत समोरचा हेडलाइट थेट लेन्समध्ये येतो. कॅमेरा काट्याच्या बाजूला तिरका बसवला आणि त्याला स्वतःचा अवरक्त दिवा दिला, तर हा त्रास बराच कमी होतो. बगॅसची धूळ लेन्सवर बसतेच; दर पाळीला काच पुसण्याचे काम एका माणसाच्या नावावर लावलेले असावे.

फळांची प्रतवारी

पॅकहाउसमधली प्रतवारी हे या तंत्राचे सर्वांत जुने आणि सिद्ध झालेले क्षेत्र आहे. पट्ट्यावरून फळे गडगडत पुढे जातात, कॅमेरा प्रत्येक फळाची सर्व बाजूंनी चित्रे घेतो, आणि आकार, रंग व डाग पाहून यंत्र फळ त्या त्या क्रेटकडे ढकलते. येथे यश सॉफ्टवेअरपेक्षा प्रकाश आणि मापावर अधिक अवलंबून असते, आणि हे माप कागदावरच करून पाहता येते.

समजा, पट्टा ६० सेंटिमीटर रुंद आहे आणि कॅमेऱ्याच्या चित्राची रुंदी १,९२० पिक्सेल आहे. म्हणजे एका पिक्सेलवर सुमारे ०.३ मिलिमीटर येते आणि ३ मिलिमीटरचा डाग दहाएक पिक्सेलांत मावतो. एवढे पुरेसे आहे. डाग १ मिलिमीटरचा असेल तर तो तीनच पिक्सेलांचा होतो आणि धुळीच्या कणापासून वेगळा ओळखणे कठीण जाते. आता वेग पाहावा. पट्टा सेकंदाला अर्धा मीटर सरकत असेल आणि कॅमेऱ्याची झडप सेकंदाचा पाचशेवा भाग उघडी राहत असेल, तर तेवढ्यात फळ १ मिलिमीटर पुढे जाते, म्हणजे चित्र तीन पिक्सेल पुसट होते. झडप सेकंदाच्या दोनहजाराव्या भागापुरतीच उघडली तर पुसटपणा एका पिक्सेलच्या आत येतो, पण मग आत येणारा प्रकाश चौपट कमी होतो आणि दिवे तेवढे वाढवावे लागतात. भिंतीवरचा साधा सीसीटीव्ही कॅमेरा या कामाला का चालत नाही, ते यावरून कळते: त्याची झडप प्रकाशानुसार आपोआप बदलते, चित्र ओळीओळीने टिपले जात असल्याने धावते फळ वाकडे दिसते आणि साठवणीसाठी चित्र दाबताना बारीक डाग हरवतात. पूर्ण चित्र एकदम टिपणारा औद्योगिक कॅमेरा, पट्ट्यावर बंद खोका आणि त्यात पांढऱ्या, पसरट प्रकाशाचे दिवे, ही किमान मांडणी हवी. डाळिंब, सफरचंद आणि टोमॅटोसारख्या चकाकणाऱ्या सालीवर उघडा दिवा पांढरा ठिपका पाडतो आणि यंत्र त्यालाच दोष समजते. शेडच्या पत्र्यातून येणारे ऊन तर सकाळी एक निकाल देते आणि दुपारी दुसरा.

डाळिंबात सालीवरचे वेगवेगळे डाग ओळखणे हे कौशल्याचे काम आहे. तेल्या रोगाचा डाग तेलकट, काळपट आणि बऱ्याचदा भेगाळलेला असतो. उन्हाचा चट्टा एका बाजूला, पसरट आणि तपकिरी. फांदीला घासल्याची खूण कोरडी आणि लांबट. तेल्याचे फळ बाजूला काढायचेच असते, घासलेले फळ दुसऱ्या प्रतीत चालते. वर्षानुवर्षे प्रतवारी करणाऱ्या बायकांना हा फरक हात लावताच कळतो. म्हणून नमुना फोटोंवर नावे घालण्याचे काम त्यांच्याकडूनच करून घ्यावे आणि त्याचा वेगळा मोबदला द्यावा, कारण यंत्राचे सारे ज्ञान तेथूनच येणार आहे. शहरातल्या कार्यालयात बसून कोणी परक्याने घातलेली नावे स्वस्त पडतात आणि हंगामात महाग. सालीच्या आतले काळे पडलेले दाणे मात्र साध्या कॅमेऱ्याला दिसत नाहीत. त्याला क्ष-किरण किंवा तत्सम वेगळी यंत्रणा लागते. द्राक्षाची किंवा पेरूची गोडीही साध्या रंगीत चित्रावरून कळत नाही. अवरक्त प्रकाशावर चालणारी मापके त्यासाठी असतात आणि ती त्या त्या वाणावर बसवून घ्यावी लागतात.

अचूकतेचा आकडा कसा वाचावा

विक्रेता ‘९५ टक्के अचूकता’ सांगतो तेव्हा तो आकडा उलगडून पाहावा. समजा, १,००० फळांत २० खराब आहेत. यंत्राने त्यातली १८ पकडली, २ सुटली. चांगल्या ९८० पैकी ५ टक्के, म्हणजे ४९ फळे त्याने चुकून खराब ठरवली. एकूण ९४९ निकाल बरोबर, म्हणजे अचूकता जवळपास ९५ टक्के. पण बाजूला काढलेल्या ६७ फळांत ४९ चांगली आहेत. उलट, प्रत्येक फळ चांगलेच म्हणणारे यंत्र या ढिगावर ९८ टक्के अचूक ठरेल आणि एकही खराब फळ पकडणार नाही. म्हणून एका टक्केवारीवर कधीही व्यवहार करू नये. दोन आकडे वेगळे मागावेत: खराब मालातला किती सुटतो आणि चांगल्या मालातला किती वाया जातो.

या दोन चुकांत तोल कोठे साधायचा, हे यंत्राच्या संवेदनशीलतेची पातळी बदलून ठरवता येते आणि तो निर्णय धंद्याचा आहे, तंत्रज्ञाचा नाही. निर्यातीच्या पेटीत एक सडके फळ गेले तर सारी पेटी, कधी सारा कंटेनर अडचणीत येतो. तेथे पातळी कडक ठेवावी आणि बाजूला पडलेली ६७ फळे हाताने पुन्हा पाहण्यासाठी एक टेबल मांडावे. स्थानिक बाजारासाठी ती सैल करावी. यंत्राने १,००० फळांचे काम ६७ वर आणले, एवढा लाभही बहुतेक पॅकहाउसना पुरेसा असतो. माणूस पूर्णपणे काढून टाकण्याच्या हिशेबावर यंत्राची किंमत वसूल होईल असे गृहीत धरले, तर पहिल्याच हंगामात निराशा येते.

रोगाचा फोटो

मोबाइलवर पानाचा फोटो काढून रोग ओळखणारी ॲप आता मराठीतही आहेत. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणाली सुरू केली. तिच्यातही फोटोवरून कीड ओळखण्याची सोय आहे. या साधनांची मर्यादा २०१६ च्या एका प्रसिद्ध अभ्यासातून स्पष्ट झाली. प्लँटव्हिलेज संग्रहातल्या ५४ हजारांहून अधिक पानांच्या चित्रांवर शिकवलेल्या प्रतिमानाने (मॉडेलने) त्याच संग्रहातली राखून ठेवलेली चित्रे ९९ टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर ओळखली. पण वेगळ्या परिस्थितीत काढलेली, बाहेरून मिळवलेली चित्रे दाखवताच हे प्रमाण ३१ टक्क्यांच्या आसपास घसरले. संग्रहातली पाने तोडून एकसारख्या पार्श्वभूमीवर ठेवून टिपलेली होती. शेतात पानामागे माती असते, सावली असते, एका पानावर दोन रोग असतात.

म्हणून कृषी सेवा केंद्राने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने ॲपचा निकाल हा अंदाज मानावा आणि औषध देण्याआधी खात्री करावी. उसाचे पान हुमणीने मुळे खाल्ल्यामुळे, लोहाच्या कमतरतेमुळे, पाणी साचल्यामुळे किंवा पाणी न मिळाल्यामुळेही पिवळे पडते आणि पानाच्या फोटोत या साऱ्यांतला फरक पुरेसा दिसत नाही. हुमणीसाठी बुडखा उकरूनच पाहावे लागते. तांबेरा किंवा चाबूक काणी यांची लक्षणे मात्र ठळक असतात आणि फोटोवरून बऱ्यापैकी ओळखू येतात. फोटो काढताना सकाळचा मंद प्रकाश, पानाची वरची व खालची बाजू, एक जवळचा आणि एक पूर्ण झाडाचा फोटो, एवढे पाळले तरी निकाल सुधारतो.

प्रश्न लहान केला की हे तंत्र किती नेटके चालते, याचे चांगले उदाहरण कापसात आहे. मुंबईच्या वाधवानी एआय या संस्थेने बोंडअळीसाठी तयार केलेल्या प्रणालीत कामगंध सापळ्यात अडकलेले पतंग पांढऱ्या कागदावर पसरून त्यांचा फोटो काढतात. संगणक पतंग मोजतो आणि संख्येवरून फवारणीची गरज आहे की नाही ते सुचवतो. येथे ‘पिकाला काय झाले आहे?’ असा मोठा प्रश्न विचारलेला नाही. एकसारख्या पांढऱ्या पार्श्वभूमीवरची एक वस्तू मोजायची आहे, आणि मोजणीतून घ्यायचा निर्णय आधीच ठरलेला आहे.

दूध, कापड आणि यंत्रभाग

डेअरीत पाउचवरची तारीख व बॅच क्रमांक नीट छापला आहे का, सील बसले आहे का, बाटली पूर्ण भरली आहे का, हे वेगात तपासायला कॅमेरा उत्तम आहे. जागा ठरलेली, प्रकाश ठरलेला आणि दोष मोजके. दुधातली भेसळ किंवा फॅट साध्या कॅमेऱ्याने कळत नाही. त्याला मिल्क ॲनालायझरच हवा. गोठ्यात जनावराची ओळख कानातल्या १२ अंकी बिल्ल्यावरून होते. बिल्ला गळून पडतो, म्हणून मुसकटावरच्या रेघांचा फोटो ओळख म्हणून वापरण्याची पद्धत विमा व्यवहारांत येऊ लागली आहे. या रेघा प्रत्येक जनावराच्या वेगळ्या असतात. फोटोआधी मुसकट पुसून कोरडे करणे आणि जनावर स्थिर धरणे, एवढ्यावर तिचे यश ठरते.

वाहन आणि यंत्रभागांच्या कारखान्यांत भोक योग्य जागी पडले का, बोल्ट बसला का, वेल्डिंगची रेघ सलग आहे का, अशा तपासण्या या तंत्राने होतात. एमआयडीसीतल्या लहान पुरवठादाराने एका भागाच्या एका दोषापासून सुरुवात करावी, विशेषतः ज्या दोषापायी मोठ्या कंपनीकडून माल परत येतो त्यापासून. कापडात गळलेला धागा, भोक आणि रंगाचा फरक शोधण्यासाठी ओळीओळीने टिपणारे कॅमेरे असतात. छापील, नक्षीदार कापडावर त्यांना अधिक शिकवावे लागते.

काम उभे करण्याचा क्रम

सुरुवात प्रश्न एका वाक्यात लिहिण्यापासून करावी. ‘दर्जा सुधारायचा आहे’ हे वाक्य उपयोगाचे नाही. ‘निर्यातीच्या पेटीत तेल्याचे डाळिंब जाऊ नये’ हे उपयोगाचे आहे, कारण त्यात वस्तू, दोष आणि करायची कृती तिन्ही आले. त्यानंतर एक कसोटी लावावी: अनुभवी माणसाला तो दोष फक्त फोटो पाहून ओळखता येतो का? येत नसेल, तर संगणकालाही बहुधा येणार नाही आणि कॅमेरा, प्रकाश किंवा कोन बदलावा लागेल. यंत्रणा विकत घेण्याआधी मोबाइलने शंभरेक फोटो काढून ही कसोटी फुकटात होते.

मग नमुने गोळा करावेत. चांगल्या मालाचे फोटो लगेच मिळतात, खराब मालाचे मिळत नाहीत. म्हणून संपूर्ण हंगामभर खराब माल फेकण्याआधी त्याचा फोटो काढण्याची सवय लावावी. वेगवेगळ्या बागा, वाण, दिवसाच्या वेळा आणि ओले-कोरडे फळ, सारे त्यात यावे. त्याच फळाचा फोटो दोन जाणत्या माणसांना स्वतंत्रपणे दाखवून त्यांचे मत जुळते का ते पाहावे. जेथे त्यांचेच जुळत नाही तेथे आधी प्रतवारीचा नियम स्पष्ट करावा.

चाचणीत एक चूक फार सर्रास होते. एकाच बागेची फळे, एकाच दिवशी टिपलेली, अर्धी शिकवायला आणि अर्धी तपासायला वापरली जातात आणि निकाल दृष्ट लागण्याजोगा येतो. तो खोटा असतो, कारण यंत्राने ती बाग आणि तो प्रकाश पाठ केलेला असतो. चाचणीची चित्रे वेगळ्या बागेतली, वेगळ्या दिवसांची आणि शिकवणीच्या वेळी कोणी न पाहिलेली असावीत. विक्रेत्याच्या स्लाइडवरचा निकाल मोजूच नये. स्वतःच्या मालाच्या दोन-तीनशे क्रेटवर, स्वतःच्या शेडमध्ये, स्वतःच्या कामगारांसमोर चाचणी घ्यावी आणि रकमेचा मोठा हप्ता त्या निकालाला बांधावा.

ज्यांच्याकडे तांत्रिक मनुष्यबळ आहे त्यांना ओपनसीव्हीसारखी मुक्त साधने वापरता येतात. वस्तू शोधण्यासाठी लोकप्रिय असलेल्या योलो प्रतिमानांपैकी काहींचा परवाना असा आहे, की ती बंदिस्त व्यावसायिक उत्पादनात वापरायची तर वेगळे शुल्क भरावे लागते. तो आधी वाचावा. बारामतीतील विद्या प्रतिष्ठानच्या कमलनयन बजाज अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थांतील विद्यार्थी प्रकल्पांतून पहिली चाचणी उभी करणे शक्य आहे, आणि शेतीविषयक प्रश्नांसाठी कृषी विज्ञान केंद्र जवळच आहे. मात्र विद्यार्थी वर्ष संपले की जातात. कोड, फोटो आणि त्यांवरच्या नावांची प्रत धंद्याकडे राहील, हे पहिल्याच दिवशी ठरवावे. बाहेरच्या कंपनीशी करार करतानाही हेच लागू आहे: करार संपल्यावर फोटो कोणाचे, ते दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या यंत्राला शिकवण्यासाठी वापरले जाणार का, नवा वाण आला की पुन्हा शिकवण्याचा खर्च कोणाचा.

गणना शेडमधल्याच छोट्या संगणकावर व्हावी, इंटरनेटवर अवलंबून नसावी. जोड गेली म्हणून पट्टा थांबणे द्राक्षाच्या हंगामात परवडत नाही. वीज जाण्याचा हिशेब धरून कॅमेरा, दिवे आणि संगणक तिन्ही एकाच बॅकअपवर असावेत. दिवे त्यातून विसरले जातात आणि अंधारात टिपलेल्या चित्रांवर यंत्र बिनदिक्कत निकाल देत राहते.

माणसांची चित्रे

फळाच्या आणि यंत्रभागाच्या चित्राला कायद्याची फारशी अडचण नाही; माणसाच्या चेहऱ्याला आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. मोठ्या उल्लंघनाला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. चेहऱ्यावरून हजेरी घेणारी यंत्रणा बसवताना कोणती माहिती, कशासाठी आणि किती काळ ठेवली जाणार हे कामगारांना त्यांच्या भाषेत लेखी कळवावे आणि काम संपल्यावर ती पुसावी. पॅकहाउसमध्ये बहुतांश कामगार महिला असतात. कॅमेऱ्याचा रोख पट्ट्यावर असावा, माणसांवर नसावा, आणि विश्रांतीच्या जागेत तो मुळीच नसावा. प्रतवारीसाठी बसवलेल्या कॅमेऱ्यातून कोण किती वेळ थांबले हे मोजायला सुरुवात केली, तर नमुन्यांवर मनापासून नावे घालणारी माणसेच दुरावतात.

ड्रोनला २०२१ चे ड्रोन नियम लागू आहेत. सरकारी डिजिटल स्काय नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही, पण बारामतीला विमानतळ असल्याने आसपासच्या गावांनी या नकाशावर आपले शेत कोणत्या क्षेत्रात येते ते प्रत्येक वेळी पाहावे. भाड्याने ड्रोन आणणाऱ्याने चालकाचे प्रमाणपत्र व ड्रोनचा नोंदणी क्रमांक मागून घ्यावा.

देखभाल

बसवलेली यंत्रणा काळाबरोबर बिघडते, तीही कळून न येता. दिव्यांचा रंग उतरतो, पट्टा नवा येतो, पावसाने साल वेगळी दिसते, नवा वाण लागतो. दर आठवड्याला १०० फळे जाणत्या हाताने तपासून यंत्राच्या निकालाशी ताडावीत आणि दोन्ही प्रकारच्या चुका वहीत लिहाव्यात. चुका सलग दोन आठवडे वाढल्या तर आधी लेन्स पुसावी, मग दिवे पाहावेत, मग कॅमेऱ्याचा कोन. सॉफ्टवेअरकडे शेवटी वळावे. चुकलेले फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये तारखेसह ठेवावेत, कारण पुढच्या हंगामापूर्वी यंत्राला पुन्हा शिकवायचे ते त्यांच्यावरच.